कचऱ्याचा ताळेबंद

(बीड येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कचरा हा व्याख्यानाचा विषय नसून झाडूचा विषय आहे, असे मानणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांच्या दृष्टीने प्रश्न सोपा असतो. लोकांना शिस्त नाही, संस्कार नाहीत, म्हणून गावे घाण झाली. परदेशी जाऊन आलेला एखादा गृहस्थ हमखास सांगतो की सिंगापूरच्या रस्त्यावर कागदाचा कपटा सापडत नाही. टाकला तर दंड होतो. आणि आमच्याकडे पाहा, भिंत दिसली की पिचकारी!

या बोलण्यात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु ते अर्धेच तथ्य आहे. सिंगापूरने १९६८ साली स्वच्छतेची मोठी मोहीम काढली, दंडही बसवले, हे खरे. पण पाहुण्याला दंडाची पाटी दिसते. पहाटे रस्ते झाडणारे हजारो सफाई कामगार दिसत नाहीत. त्यांत उतारवयाची माणसे किती आहेत हे तर त्याच्या ध्यानीही येत नाही. त्यांची मजुरी इतकी खाली गेली होती की २०१४ पासून तेथील सरकारला सफाईच्या कंत्राटदारांना परवाना देताना किमान वेतनश्रेणीची अट घालावी लागली. रस्ता स्वच्छ राहतो तो नुसत्या संस्काराने नव्हे. कोणीतरी तो झाडतो म्हणून राहतो. त्या झाडणाऱ्याला काय मिळते, हा प्रश्न स्वच्छतेच्या प्रवचनात सहसा येत नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी कोणत्याही वस्तूविषयी तीन प्रश्न विचारतो. ती कोणी निर्माण केली? तिचा लाभ कोणाला झाला? आणि तिचा खर्च कोणाच्या माथी बसला? कापूस, साखर, वीज यांविषयी हे प्रश्न विचारले जातात. कचऱ्याविषयी मात्र ते विचारले जात नाहीत, कारण कचरा म्हणजे कोणाचेच नसलेले, असे आपण धरून चालतो. ही समजूत चुकीची आहे. कचऱ्याला धनी असतो. तो फक्त वेळेवर अंग काढून घेतो. हे तपासून पाहण्यासाठी बीड जिल्ह्याइतके योग्य ठिकाण शोधून सापडणार नाही.

आरंभ जुन्या गावापासून करावा लागेल. मराठवाड्यातल्या कोणत्याही खेड्यात प्रत्येक घराचा स्वतंत्र उकिरडा असे. शेण, गवताची उष्टावळ, चुलीतील राख, घरातला केर त्यात पडे आणि उन्हाळ्यात तेच खत गाड्या भरभरून शेतात जाई. तुरीच्या तुराट्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या सरपणाला, फाटके लुगडे वाकळेला, राख भांडी घासायला. फेकून देण्याजोगे असे फार थोडे उरे. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही म्हण अशाच गावात जन्माला येऊ शकते. कारण उकिरड्यालाही भवितव्य असते, हे शेतकऱ्याला ठाऊक होते.

पण या चित्राने कोणी हळवे होऊ नये. त्या गावातले मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महार समाजावर लादलेले होते. केरसुण्या मातंगांनी वळायच्या, शहरातला मैला एका ठरावीक जातीने डोक्यावर वाहायचा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथात या व्यवस्थेचा तपशील पाहायला मिळतो. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस वर्ज्य करण्याचे आवाहन केले, तो केवळ आहारविषयक उपदेश नव्हता. गावाने आपली घाण ज्यांच्या माथी मारली होती त्यांनी ती नाकारण्याची ती सुरुवात होती. जुने गाव वस्तू वाया घालवीत नव्हते, हे खरे. माणसे मात्र वाया घालवीत होते.

स्वातंत्र्यानंतर गावाचे अर्थकारण बदलले आणि त्याबरोबर कचऱ्याचे स्वरूपही. या बदलाची सर्वांत बोलकी खूण म्हणजे पुडी. १९८० च्या दशकाच्या आरंभी तमिळनाडूतील कडलूरच्या उद्योजकांनी शाम्पू छोट्या प्लास्टिक पुडीत घालून विकण्याचे तंत्र रूढ केले. मग चहा, तेल, मसाला, सुपारी, साबणाची भुकटी असे सारेच पुडीत आले. हातावर पोट असलेल्या माणसाला मजुरी रोज मिळते, म्हणून तो रोजच्यापुरते विकत घेतो. महिन्याचा किराणा एकदम भरण्याची त्याची ऐपत नसते. पुडीचा जन्म गरिबाच्या बेशिस्तीतून झालेला नाही. तो त्याच्या मजुरीच्या मापाने बेतलेला आहे.

आता या पुडीचा हिशेब मांडून पाहा. तिच्या किमतीत मालाचा खर्च आहे, जाहिरातीचा आहे, दुकानदाराचे कमिशन आहे. रिकामी झाल्यावर तिला उचलण्याचा, वाहून नेण्याचा आणि पुरण्याचा खर्च मात्र तिच्यात नाही. तो खर्च नाहीसा झाला काय? मुळीच नाही. तो नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात, नालीत, शेताच्या बांधावर आणि गाईच्या पोटात जाऊन बसला. पिगू यांनी १९२० साली आणि कॅप यांनी १९५० साली अर्थशास्त्रात जे सांगितले ते हेच. नफा खासगी राहतो आणि खर्चाचा एक हिस्सा समाजावर ढकलला जातो. खाजगी ताळेबंद जुळतो तो सामाजिक ताळेबंद फुटका राहतो म्हणून.

आणि दोष कोणाला दिला जातो? फेकणाऱ्याला. याचाही एक इतिहास आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने १९५३ साली परत न घेतल्या जाणाऱ्या बाटल्यांतून बीअर विकण्यास बंदी घातली. त्याच वर्षी पेये आणि वेष्टने बनविणाऱ्या कंपन्यांनी पुढाकार घेऊन देश सुंदर ठेवण्याचा उपदेश करणारी एक संस्था उभी केली. व्हरमाँटचा कायदा चार वर्षांत लयाला गेला. उपदेश मात्र टिकला. १९७१ मध्ये तिने कचरा पाहून अश्रू ढाळणाऱ्या आदिवासी पुरुषाची जाहिरात दाखवली आणि ती जगभर गाजली. त्या भूमिकेतला नट इटालियन वंशाचा होता, हे पुढे उघड झाले. बाटली बनविणाऱ्याची जबाबदारी बाटली फेकणाऱ्यावर सरकवण्याचे काम इतक्या सफाईने क्वचितच झाले असेल.

आपल्याकडेही वेगळे घडलेले नाही. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील प्रलयानंतर पातळ पिशव्यांवर राज्यात बंदी आली. २३ मार्च २०१८ रोजी अधिक व्यापक बंदीची अधिसूचना निघाली. दंडाची पावती कोणाच्या हाती पडली? कोथिंबिरीची जुडी पिशवीत घालून देणाऱ्या भाजीवालीच्या. कारखान्यातूनच बहुस्तरीय प्लास्टिकमध्ये बंद होऊन येणाऱ्या मालाला सवलत राहिली. वास्तविक भंगारवालाही जी घेत नाही ती हीच पुडी.

आता बीड शहराकडे वळू. बिंदुसरा नदी या शहराच्या मधून वाहते. काठी कंकालेश्वराचे प्राचीन मंदिर आहे, शहराबाहेर निजामशाहीच्या काळात बांधलेली खजाना बावडी आहे. म्हणजे पाण्याची कदर करण्याची परंपरा येथे जुनी आहे. २३ जुलै १९८९ रोजी याच बिंदुसरेला आलेल्या पुराने शहरात हाहाकार उडवला. कोरडवाहू प्रदेशातल्या नदीचे हेच वैशिष्ट्य असते. वर्षातले बरेच महिने ती कोरडी असते, म्हणून लोक तिला जमीन समजतात. कचरा, राडारोडा आणि बांधकाम तिच्या पात्रात सरकत जाते. मग एका रात्री ती आपली जागा परत मागते. त्या रात्री काठावर कोण राहत असते, हे सांगण्याची गरज नाही.

२०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या १ लाख ४६ हजार ७०९ होती. माणशी रोजचा कचरा ४०० ग्रॅम धरला तर तो सुमारे ५९ टन होतो. आपल्याकडच्या शहरी कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला, म्हणजे कुजून खत होणारा असतो. तो वेगळा काढला तर वाहून न्यायचे ओझे तिथेच अर्धे होते. रस्ते आणि सार्वजनिक जागा स्वच्छ ठेवणे हे १९६५ च्या अधिनियमाने नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य ठरवले आहे. जिल्ह्यात सहा नगरपरिषदा आणि पाच नगरपंचायती आहेत. कर्तव्य त्यांच्याकडे आहे, पैसा मात्र वरून येणाऱ्या अनुदानावर अवलंबून. १९९९ साली नगरपरिषदांची जकात गेली आणि त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा आधार सुटला. मग घंटागाडीचे कंत्राट निघते, आणि पुष्कळ ठिकाणी त्याचे बिल वजनावर ठरते. ज्याला वजनावर पैसे मिळतात त्याला कचरा कमी व्हावा असे कशाला वाटेल? ओले-सुके वेगळे करण्याचा उपदेश घरातल्या बाईला केला जातो, आणि गाडीत ते पुन्हा एकत्र केले जाते. त्या बाईचा उत्साह मावळला तर तिला बेशिस्त म्हणता येणार नाही.

परंतु जिल्ह्यातला खरा मोठा कचरा ना बीडच्या रस्त्यावर आहे, ना कोणाच्या घरातल्या डब्यात. तो परळीला आहे.

परळी वैजनाथचे औष्णिक विद्युत केंद्र १९७१ साली सुरू झाले. जुने संच काळाच्या ओघात बंद झाले. आज २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. एक मोटा हिशेब करून पाहू. ७५० मेगावॅट पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले तर १ कोटी ८० लाख युनिट वीज तयार होते. युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला १२ हजार ६०० टन कोळसा लागतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते. ते एक-तृतीयांश धरले तरी ४ हजार २०० टन राख रोज निघते. संच नेहमीच पूर्ण क्षमतेने चालत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून कमी राहील. तरीही बीड शहरातल्या साऱ्या घरांच्या कचऱ्याच्या सत्तरपट हा आकडा आहे, हे ध्यानात घ्यावे. स्वच्छतेवरील भाषणांत मात्र पुडीचा उल्लेख सत्तर वेळा होतो आणि राखेचा एकदाही होत नाही.

या केंद्राचा व्यवहार कसा आहे पाहा. कोळसा दूरच्या खाणींतून रेल्वेने येतो. पाणी गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून येते. दुष्काळात ते आटले तेव्हा, २०१५ साली, सारे केंद्रच बंद ठेवावे लागले होते. तयार झालेली वीज राज्याच्या जाळ्यात जाते. राख तेवढी येथे राहते. दाऊतपूर आणि दादाहरी वडगावच्या परिसरातील तळ्यांत ती पाण्याबरोबर सोडली जाते. उन्हाळ्यात तळ्याचा पृष्ठभाग वाळला की वारा ती उचलतो. मग ती पिकावर बसते, कडब्यावर बसते, पिण्याच्या पाण्यावर बसते आणि माणसाच्या छातीत जाते. ज्या गावात वैद्यनाथाच्या दारी भस्माला कपाळी स्थान आहे, त्याच गावाला राखेपासून तोंड झाकून फिरावे लागावे, हा योगायोग फार कडू आहे.

इथपर्यंतची गोष्ट परिचयाची आहे: लाभ दूरच्यांना, घाण जवळच्यांना. पुढची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने राखेच्या वापराविषयी पहिली अधिसूचना काढली आणि औष्णिक केंद्रांच्या आसपासच्या वीटभट्ट्यांना राख वापरणे बंधनकारक केले. सिमेंटमध्ये, विटांत, रस्त्यांच्या भरावात राखेला मागणी आली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने तर सगळी राख वापरात आणलीच पाहिजे असे ठरवले आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १ हजार रुपयांची भरपाई बसवली. म्हणजे कालचा कचरा आज माल झाला. उकिरड्याचे पांग फिटले!

पण कोणाचे फिटले? ज्यांच्या शेतावर ती पडत होती, ते या मालाचे धनी झाले नाहीत. तिच्या उचलीवर आणि वाहतुकीवर ज्यांच्या मनगटात जोर होता त्यांचा कब्जा झाला. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. त्या प्रकरणाच्या मुळाशी पवनचक्की कंपनीकडे मागितलेली खंडणी असल्याचे पुढे आले. परंतु त्यानिमित्ताने जिल्ह्यातील दांडगाईची जी चर्चा वृत्तपत्रांतून आणि सभागृहांतून झाली तीत परळीच्या राखेचा धंदाही आला. पुढच्याच महिन्यात परळी तालुक्यात राख वाहणाऱ्या टिप्परच्या धडकेत आणखी एका गावचे सरपंच मृत्युमुखी पडले. राख हवेतून येत होती तोवर ती गावाची होती. टिप्परमधून जाऊ लागली तेव्हा ती गावाची राहिली नाही.

यातून एक नियम हाती लागतो. कचऱ्याला किंमत नसते तोवर तो दुबळ्याच्या माथी बसतो. किंमत आली की तो दांडग्याच्या हाती जातो. हा नियम परळीपुरता नाही.

जगाकडे पाहिले तर तोच उतार दिसतो. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे २०१६ साली जगातील शहरी घनकचरा सुमारे २०१ कोटी टन होता. जगाच्या लोकसंख्येत १६ टक्के असलेल्या श्रीमंत देशांचा त्यातला वाटा ३४ टक्के होता. हा कचरा तेथेच राहिला असता तर प्रश्न वेगळा होता. १९८६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या भट्टीतली सुमारे १४ हजार टन राख घेऊन ‘खियान सी’ नावाचे जहाज निघाले. देशोदेशीच्या बंदरांनी ते परतवले. १९८८ च्या आरंभी त्याने हैती या अत्यंत दरिद्री देशाच्या किनाऱ्यावर सुमारे ४ हजार टन राख खत म्हणून उतरवली आणि पोबारा केला. उरलेली समुद्रात गेली. अशा प्रकारांनंतर १९८९ मध्ये बाझेल येथे घातक कचऱ्याच्या वाहतुकीवर आंतरराष्ट्रीय करार झाला. तरीही डिसेंबर १९९१ मध्ये जागतिक बँकेच्या मुख्य अर्थशास्त्रज्ञांच्या सहीचे एक टिपण फिरले. कमी मजुरीच्या देशात विषारी कचरा टाकणे आर्थिक तर्काला धरूनच आहे, असा त्याचा आशय होता. ते उपरोधाने लिहिले होते असा खुलासा नंतर झाला. परंतु ज्या शास्त्राचा उपरोध आणि व्यवहार वेगळा ओळखू येत नाही, त्या शास्त्राने आपले डोळे तपासून घ्यावेत. २०१८ च्या जानेवारीपासून चीनने परदेशी प्लास्टिक कचऱ्याला दार लावले तेव्हा तोच कचरा मलेशियाकडे आणि इतर शेजाऱ्यांकडे वळला. उतार बदलला, वाहणे थांबले नाही.

देशांमध्ये जे चालते तेच शहर आणि खेडे यांमध्ये चालते. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला पडत आला. २०१६ च्या जानेवारीत त्या डोंगराला लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला तेव्हा कुठे उंच इमारतींतल्या लोकांना देवनारचा पत्ता कळला. पुण्याचा कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला. आपल्या मराठवाड्यात त्या वेळच्या औरंगाबादचा कचरा नारेगावला जात होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेथील ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या, तेव्हा शहराला पहिल्यांदा कळले की आपण ज्याला ‘बाहेर’ म्हणतो तिथे माणसे राहतात.

या व्यवहारात बीड जिल्ह्याची माणसे आणखी एका ठिकाणी भेटतात. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा आणि सोलापूरच्या भागातून असंख्य कुटुंबे पोट भरण्यासाठी पुण्या-मुंबईकडे गेली. काहींनी खडी फोडली, काहींनी हमाली धरली. ज्यांना तेही मिळाले नाही, त्यांत दलित समाजातल्या, विशेषतः मातंग समाजातल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांनी खांद्याला गोणी लावली आणि पुण्याच्या कचराकुंड्यांत हात घातला. कागद, काच, पत्रा, चिंधी. जातीने हातात दिलेली केरसुणी गावात ठेवून त्या निघाल्या. शहराने त्यांना कचराच दिला. पोलीस चोरीचा संशय घेत, सोसायटीतले लोक हाकलून देत, भंगारवाला वजनात मारी आणि अडीनडीला उचल देऊन बांधून ठेवी. ऊसतोडणीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादमाची उचल माहीत आहे. हिचे नाव वेगळे, फास तोच.

वरचा नियम खरा मानला तर या स्त्रियांचे पुढे काय झाले असते? शहराच्या कचऱ्याला किंमत आली, मोठी कंत्राटे निघाली की त्या बाजूला फेकल्या गेल्या असत्या. कैरोत तसे घडले. पिढ्यानपिढ्या शहराचा कचरा उचलून त्यातला बहुतांश पुन्हा वापरात आणणाऱ्या झब्बालीन समाजाला डावलून २००३ साली परदेशी कंपन्यांना कंत्राटे दिली गेली. पुण्यात मात्र वेगळे घडले, कारण या स्त्रिया संघटित झाल्या. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कार्यकर्त्या प्रौढशिक्षणाच्या निमित्ताने त्यांच्यापर्यंत पोहोचल्या आणि १९९३ साली बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली आठशेहून अधिक कचरावेचकांचे अधिवेशन भरले. त्यातून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पहिली मागणी काय होती? ओळखपत्राची. आम्ही चोर नाही, श्रमिक आहोत, एवढे मान्य करा! २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि पुढच्या वर्षी महापालिकेशी करार होऊन त्या घरोघर जाऊन कचरा गोळा करू लागल्या. कचराकुंडीत वाकणारी बाई दाराशी उभी राहून हक्काने सेवाशुल्क मागू लागली, हे अंतर लहान नव्हे.

२०१३ साली या स्त्रियांनी एक गोष्ट केली, ती प्रत्येक अर्थशास्त्राच्या वर्गात सांगितली पाहिजे. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन उघड्या हातांनी निवडावे लागतात, म्हणून ते गुंडाळायला वेष्टन द्या, अशी मागणी त्यांनी उत्पादक कंपन्यांकडे केली होती. दाद लागेना. तेव्हा त्यांनी ते नॅपकिन पोत्यांत भरून कंपन्यांच्या पत्त्यावर पाठवून दिले. पिगू आणि कॅप यांचे सारे ग्रंथ त्या पोत्यात होते.

अशी उदाहरणे इतरत्रही आहेत. १९६८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील मेम्फिस शहरात कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कृष्णवर्णीय कामगार मेले. त्यानंतर १३०० सफाई कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकावर पगाराचा आकडा नव्हता. मी माणूस आहे, एवढेच शब्द होते. त्यांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी गेलेले मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिलला तेथेच गोळीला बळी पडले. कोलंबियातील कचरावेचकांनी घटनात्मक न्यायालयापर्यंत झुंज दिली आणि २०१३ पासून बोगोटा शहर त्यांना सेवेचा मोबदला देऊ लागले. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढा दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कंत्राटी कामगारांच्या कायमपणावर शिक्कामोर्तब केले.

येथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला त्याची नोकरी मिळते. कंत्राटीकरणाच्या काळात हा मोठा आधार आहे आणि तो काढून घ्या असे कोणी म्हणू नये. परंतु झाडू बापाकडून मुलाकडे वारसाने यावा आणि इतर खुर्च्या मात्र तशाच दुसऱ्या घरांत राहाव्यात, ही व्यवस्था समतेची नाही. सफाईच्या कामाला इतके वेतन, इतकी साधने आणि इतकी सुरक्षितता मिळावी की कोणत्याही जातीच्या तरुणाला त्यासाठी अर्ज करावासा वाटेल. ज्या दिवशी तसे अर्ज येतील, त्या दिवशी श्रमप्रतिष्ठा या शब्दाला अर्थ येईल.

मग करायचे काय? राखेपासून सुरुवात करावी. परळीच्या केंद्रातून दर महिन्याला किती राख निघाली, कोणी किती उचलली, कोणत्या भावाने उचलली, याचा तक्ता आसपासच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. धूळ गावाला आणि हिशेब मुंबईला, हे चालू देता कामा नये. राखेच्या विक्रीतला हिस्सा आणि न वापरलेल्या राखेवरची भरपाई त्या गावांच्या पाण्यावर आणि आरोग्यावर खर्च व्हावी. दर वर्षी कोयता घेऊन जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या कुटुंबांच्या सहकारी संस्थांना राखेच्या विटा पाडण्याचे काम दिले, तर काहींचा तरी मुक्काम गावातच राहील. झाकल्याशिवाय आणि वजन केल्याशिवाय एकही टिप्पर रस्त्यावर येणार नाही, एवढे करायला नवा कायदा लागत नाही. प्रशासनाला पाठीचा कणा लागतो.

शहरांत वजनावरची कंत्राटे बंद करून जे आज प्रत्यक्ष कचरा उचलतात त्यांच्याच संस्थांना काम द्यावे. ओल्या कचऱ्याचे खत प्रभागातच व्हावे आणि ते जवळच्या कोरडवाहू शेतात जावे. उकिरड्याचे जुने शहाणपण जात वगळून परत आणता येईल. पुडी बनविणाऱ्याने पुडी परत घ्यावी किंवा ती उचलण्याचा खर्च भरावा. ओले-सुके वेगळे ठेवण्याचे नागरिकाचे कर्तव्य आहेच. पण ते या यादीत शेवटी येते. आज ते पहिले सांगितले जाते आणि यादी तेथेच संपवली जाते.

स्वच्छतेचे नाव निघाले की महाराष्ट्राला गाडगेबाबा आठवतात. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले. २००० साली शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यांच्या झाडूचे छायाचित्र सर्वांना हवे असते. बाबा गावात आले की स्वतः गाव झाडीत, हे सगळे सांगतात. रात्रीच्या कीर्तनात ते गावाला कर्ज, दारू, शिवाशिव आणि अज्ञान यांविषयी टोचून प्रश्न विचारीत, हे थोडे सांगतात. सकाळचा झाडू आणि रात्रीचा प्रश्न ही त्यांच्या दृष्टीने एकाच कामाची दोन टोके होती. आज झाडू ठेवून घेतला गेला आहे आणि प्रश्न वगळला गेला आहे.

तो प्रश्न येत्या ग्रामसभेत आणि नगरपरिषदेच्या सभेत पुन्हा विचारला जावा. हा कचरा कोणाचा, तो कोण उचलतो, आणि त्याचे पैसे कोण खातो? उत्तर लेखी मागावे.